तंजावूरचे भोसले आणि अठ्ठ्याऐंशी देवळे

तंजावूरच्या राजवाड्याकडे आज मुलूख नाही, फौज नाही, तनखाही नाही. ८८ देवळे मात्र आहेत. त्यांच्या कारभाराला तमिळमध्ये ‘अरण्मनै देवस्थानम्’ म्हणतात, म्हणजे राजवाड्याचे देवस्थान. राजराज चोळाने बांधलेले बृहदीश्वराचे मंदिर गावात ‘पेरिय कोविल’, मोठे देऊळ, या नावाने ओळखले जाते. तेही या ८८ पैकीच. शहराबाहेरची पुन्नैनल्लूरची मारिअम्मन ही आणखी एक. या सगळ्या देवळांचा ‘परंबरै अरंगावलर’, म्हणजे वंशपरंपरागत विश्वस्त, भोसले घराण्यातला ज्येष्ठ पुरुष असतो. सध्या हे पद बाबाजीराजे भोसले यांच्याकडे आहे. रोजचा कारभार मात्र सरकारी अधिकारी पाहतो: तमिळनाडूच्या हिंदू धार्मिक व धर्मादाय खात्याचा सहायक आयुक्त. एका बाजूला वंश, दुसऱ्या बाजूला खाते, आणि मध्ये देव.

जुन्या राजांचे नव्या राज्यव्यवस्थेत करायचे काय, हा प्रश्न प्रत्येक देशाने आपल्या पद्धतीने सोडवला. मलेशियात नऊ वंशपरंपरागत राजे पाळीपाळीने पाच-पाच वर्षे देशाचे राजेपद सांभाळतात. घानाच्या १९९२ च्या घटनेने परंपरागत प्रमुखांची राष्ट्रीय सभा मान्य केली आणि त्याच दमात त्यांना पक्षीय राजकारणात उतरायला बंदी घातली. मेघालयात खासी टेकड्यांतले ‘सिएम’ स्वायत्त जिल्हा परिषदेच्या हाताखाली आजही आपापल्या भागाचा कारभार पाहतात. उरलेल्या भारतात राजघराण्यांना मुख्यतः दोन वाटा राहिल्या. एक निवडणुकीची. साताऱ्याचे उदयनराजे आणि कोल्हापूरचे शाहू छत्रपती २०२४ मध्ये लोकसभेवर निवडून गेले ते त्या वाटेने, आणि तिथे राजालाही दारोदार मते मागावी लागतात. दुसरी वाट देवस्थानाची. तंजावूरचे भोसले या दुसऱ्या वाटेवर आहेत. पहिली वाट त्यांना फारशी खुली नव्हतीच: तमिळ मतदारसंघात मूठभर मराठी घरांच्या जोरावर कोणी आमदारही होत नाही.

हे घराणे इथे आले १६७५-७६ च्या सुमारास. शहाजीराजे आणि तुकाबाई यांचे पुत्र, म्हणजे शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी ऊर्फ एकोजी यांनी तंजावूर घेतले. राजवाडा त्याआधीच उभा होता; तो नायक राजांचा. भोसल्यांनी त्यात भर घातली, दरबार महाल बांधला, आणि पुढे सुमारे पावणेदोनशे वर्षे तिथून राज्य केले. मधली तीन वर्षे, १७७३ ते १७७६, तंजावूर अर्काटच्या नवाबाच्या ताब्यात होते. ते परत मिळाले इंग्रजांच्या मध्यस्थीने, आणि त्या मध्यस्थीची किंमत पुढच्या पिढीने चुकवली.

ती पिढी म्हणजे सरफोजी (दुसरे). तुळजाराजांचा हा दत्तक मुलगा ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याच्या देखरेखीखाली शिकला आणि १७९८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या पाठिंब्याने गादीवर आला. वर्षभरातच, ऑक्टोबर १७९९ मध्ये, तह झाला. राज्याचा कारभार, वसुली आणि न्याय कंपनीकडे गेला. सरफोजींकडे उरला किल्ला आणि त्याच्या आसपासचा थोडा भाग. त्याशिवाय वर्षाला १ लाख स्टार पॅगोडा (तेव्हाची सोन्याची नाणी) आणि निव्वळ महसुलाचा पाचवा हिस्सा. थोडक्यात, ‘राजा’ हे पद पगारी झाले. हा तह सहसा राज्य गमावल्याची तारीख म्हणून सांगितला जातो, आणि ते बरोबरच आहे. पण आज भोसले घराणे सरकारी कागदांवर ज्या कारणाने उरले आहे, त्याचे मूळ या तहाच्या कलमांत सापडत नाही. ते सरफोजींनी तहानंतर ज्या गोष्टी आपल्याकडे ठेवण्यासाठी खटपट केली त्यांत आहे. त्या गोष्टींतून उत्पन्न येत नव्हते, त्या खर्चाच्या होत्या: देवळे, छत्रे आणि ग्रंथालय.

छत्र म्हणजे वाटसरूंसाठीची धर्मशाळा आणि अन्नछत्र. रामेश्वराच्या यात्रेच्या वाटेवर मराठा राजांनी अशी छत्रे ठिकठिकाणी बांधली होती, बहुतेक राण्यांच्या नावांनी. ओरत्तनाडूचे मुक्तांबाळ छत्र सरफोजींनी तहानंतर, १८०२ च्या सुमारास उभारले. त्याच्या आदल्या वर्षी त्यांनी तंजावूरमधला कंपनीचा रेसिडेंट बेंजामिन टॉरिन याला एक लांबलचक पत्र लिहून छत्रांचा कारभार आपल्याकडे राहू द्यावा अशी विनंती केली. पत्रात छत्रांचे रोजचे काम बारकाईने मांडले आहे. येणाऱ्या प्रत्येकाला, जात कोणतीही असो, शिजवलेला भात. ज्यांना दुसऱ्याच्या हातचे चालत नाही त्यांना शिधा. आजाऱ्यांना औषध आणि पथ्याचे जेवण, बाळंतिणींची सोय, मुलांना शाळा. मध्यरात्री छत्रात घंटा वाजवली जाई. कोणी उपाशी झोपला असेल, उशिरा पोचला असेल, तर त्याने उठून जेवावे म्हणून. राज्य नुकतेच हातून गेलेला माणूस त्या घंटेबद्दल इतक्या तपशिलाने लिहितो, हे लक्षात राहण्यासारखे आहे. कंपनीने ती विनंती मानली.

सरफोजी १८३२ मध्ये वारले. त्यांचे पुत्र शिवाजी २९ ऑक्टोबर १८५५ ला गेले ते मुलगा नसतानाच. मुली होत्या. रेसिडेंट हेन्री फोर्ब्स याने धाकट्या मुलीला गादीवर बसवावे अशी शिफारसही केली, पण कंपनीच्या संचालकांनी ती फेटाळली आणि तंजावूरचे राजेपद संपल्याचे जाहीर केले. पुढच्या वर्षी कंपनीने फौजेच्या बळावर राजवाड्यातली मालमत्ता ताब्यात घेतली: दागिने, शस्त्रे, खासगी जमिनी, सगळेच.

इथे तंजावूरच्या एका विधवा राणीने भारतीय कायद्याच्या इतिहासात कायमची जागा मिळवली. ज्येष्ठ राणी कामाक्षीबाई मद्रासच्या सुप्रीम कोर्टात गेल्या. राज्य तुम्ही घेतले, पण नवऱ्याची खासगी मालमत्ता कशी घेता, असा त्यांचा सवाल होता. मद्रासला निकाल त्यांच्या बाजूने लागला. सरकारने लंडनला प्रिव्ही कौन्सिलकडे अपील केले आणि १८५९ मध्ये तिथे बाजू उलटली. एका सत्तेने दुसऱ्या सत्तेशी केलेला हा ‘राज्याचा व्यवहार’ आहे. तो न्याय्य असो वा अन्याय्य, दिवाणी न्यायालयाला त्यात हात घालता येत नाही, असे कौन्सिलने ठरवले. हा खटला आजही कायद्याच्या पुस्तकांत ‘कामाक्षीबाई साहेब’ या नावाने शिकवला जातो. तंजावूर म्हटले की मोठे देऊळ आणि डोसा एवढेच डोळ्यांपुढे येणाऱ्या मराठी माणसाला ते सहसा ठाऊक नसते.

न्यायालयात हरलेली बाजू पुढे थोडी सावरली. १८६२ मध्ये मद्रास सरकारने खासगी मालमत्ता राण्यांना परत दिली. राण्या अनेक होत्या, त्यामुळे त्या मालमत्तेचे दावे त्यांच्यात आणि नंतरच्या वारसांत दोन पिढ्या मद्रास हायकोर्टात चालत राहिले. एका दाव्यात तर कोल्हापूरचे महाराजही पक्षकार होते. तो सगळा गुंता इथे सोडवण्याचे कारण नाही. महत्त्वाचे घडले ते १८६३ मध्ये, आणि ते अगदी निमूटपणे.

तोवर मद्रास इलाख्यात देवळांवर सरकारची देखरेख होती. ख्रिस्ती सरकारने हिंदू देवळे का चालवावीत, अशी विलायतेत ओरड सुरू झाल्यावर सरकारने १८६३ च्या कायद्याने त्यातून अंग काढून घेतले आणि देवळे विश्वस्तांच्या व समित्यांच्या हवाली केली. तंजावूरच्या राजांनी सांभाळलेली देवळे राजवाड्याकडेच राहिली. राज्य गेले, तोफा गेल्या, खासगी मालमत्ता दावा हरल्यावर परत मिळाली. देवळे मात्र आपसूक घरात उरली, कारण त्या दिवसांत ती कोणालाच नको होती.

साठ वर्षांनी वारे फिरले. देवळांच्या जमिनी आणि उत्पन्न यांवर लोकांचा हक्क आहे, ते विश्वस्तांच्या मर्जीवर सोडता येणार नाही, अशी मागणी मद्रासमध्ये जोर धरू लागली. जस्टिस पक्षाच्या मंत्रिमंडळाच्या काळात देवस्थानांचा कायदा आला आणि देखरेखीसाठी मंडळ नेमले गेले. १९५१ च्या कायद्याने मंडळाच्या जागी सरकारी खाते आणले, आणि १९५९ चा कायदा आजही लागू आहे. या खात्याखाली आज चाळीस हजारांहून जास्त संस्था आहेत. कायद्याने विश्वस्तांचे दोन प्रकार केले: नेमलेले आणि वंशपरंपरागत. नेमलेल्या विश्वस्ताची मुदत ठरलेली असते. वंशपरंपरागत विश्वस्ताचे पद बापाकडून मुलाकडे जाते, पण त्याच्यावरही खात्याची नजर असते: अंदाजपत्रक मंजूर करून घ्यायचे, हिशेब तपासून घ्यायचे, आणि गैरकारभार सिद्ध झाला तर पद गमवायचे. राजेपदाला असली अट कधीच नव्हती.

मोठ्या देवळात याचे व्यवहारात काय होते ते पाहण्यासारखे आहे. दगड भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा. मंदिर १९८७ पासून जागतिक वारसा यादीत आहे, आणि शिखरावरची एक भेग बुजवायची तरी केंद्राच्या त्या खात्याशिवाय होत नाही. पूजा, पुजारी, दानपेटी आणि उत्सव राज्याच्या धर्मादाय खात्याचे. आणि विश्वस्तपद भोसल्यांचे. उत्सवाची निमंत्रणपत्रिका निघाली की तिच्या तळाशी अधिकाऱ्यांच्या नावांबरोबर वंशपरंपरागत विश्वस्ताचे नाव छापलेले असते आणि नावाच्या आधी तमिळमध्ये ‘मूत्त इळवरसर’, म्हणजे ज्येष्ठ राजपुत्र. हा शब्द बोलका आहे. १८५५ नंतर तंजावूरला राज्याभिषेक झालेला नाही, म्हणून घराण्याचा प्रमुख कितीही वयाचा झाला तरी राजपुत्रच राहतो. त्याच मंदिराच्या आवारात, तटाच्या आतल्या बाजूला, सरफोजींनी १८०३ मध्ये कोरून घेतलेला भोसले वंशाचा लांबलचक मराठी शिलालेख आहे. चोळ राजाच्या देवळात चोळांच्या तमिळ लेखांशेजारी आपला इतिहास मराठीत कोरण्याचा हक्क सरफोजींना होता. त्यांच्या वंशजाला त्याच दगडावर एक खिळा ठोकायचा तर तीन कचेऱ्यांची परवानगी लागेल.

५ फेब्रुवारी २०२० ला या मंदिराचा कुंभाभिषेक झाला, तेवीस वर्षांनी. त्याआधी वाद पेटला तो मंत्र तमिळमध्ये म्हणायचे की संस्कृतमध्ये यावर. प्रकरण मद्रास हायकोर्टाच्या मदुराई खंडपीठापुढे गेले आणि दोन्ही भाषांत विधी करण्याचे ठरले. न्यायालयात उत्तर द्यायला उभे राहिले सरकारी खाते. भाषेचा प्रश्न तमिळनाडूत राजकारणाचा मुख्य धागा आहे, आणि त्यात मराठी वंशाच्या विश्वस्ताने तोंड न घालणेच शहाणपणाचे. राजराज चोळाच्या जन्मनक्षत्रावर दरवर्षी ‘सदय विळा’ भरतो. २०२२ मध्ये राज्य सरकारने तो सरकारी सोहळा म्हणून जाहीर केला. चोळ सम्राट तमिळ अभिमानाचे प्रतीक, मंदिर त्याचे, आणि त्याचा विश्वस्त साताऱ्या-कोल्हापूरच्या गोतातला. ही विसंगती तंजावूरच्या लोकांना फारशी खटकलेली दिसत नाही. पुन्नैनल्लूरच्या मारिअम्मनला नवस बोलणाऱ्या बायकांना तर विश्वस्त कोण याच्याशी देणेघेणेच नसते.

१९७१ मध्ये सव्विसाव्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांचे तनखे आणि मान्यता रद्द झाली तेव्हा देशभरच्या राजवाड्यांत खळबळ उडाली. तंजावूरला तिचा धक्का बसण्याचे कारण नव्हते. १९४७ मध्ये तंजावूर संस्थान नव्हतेच, त्यामुळे विलीनीकरणाचा करार नाही, करार नाही म्हणून तनखा नाही. इतरांनी १९७१ मध्ये जे गमावले ते या घराण्याने शंभरावर वर्षे आधीच गमावले होते.

त्या दुरुस्तीनंतर मान्यता गेलेल्या राजाचा देवळावरचा हक्क उरतो का, हा प्रश्न शेवटी केरळमधल्या एका खटल्यात सुटला. तिरुवनंतपुरमच्या पद्मनाभस्वामी मंदिराच्या तळघरांतली संपत्ती जगभर गाजली. त्रावणकोरचे शेवटचे राजे १९९१ मध्ये वारल्यावर राजाच संपला, मग मंदिर सरकारने घ्यावे, असे केरळ हायकोर्टाने २०११ मध्ये म्हटले. सुप्रीम कोर्टाने १३ जुलै २०२० ला ते फिरवले. राजेपद घटनादुरुस्तीने गेले असेल, पण देवाच्या सेवेकऱ्याचा हक्क हा घराण्याच्या रूढीतून आलेला आहे आणि तो घटनादुरुस्तीने जात नाही, असा निकाल झाला. पण देऊळ पूर्णपणे घराण्याच्या हाती दिले नाही. कारभार जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडे सोपवला. हक्क राजघराण्याचा, हात सरकारचा, ही घडी तंजावूरने कोणत्याही मोठ्या निकालाशिवाय कितीतरी आधी बसवली होती.

देवळांच्या खालोखाल दुसरी जागा ग्रंथालयाची. सरस्वती महाल राजवाड्याच्या आवारातच आहे. नायकांपासून चालत आलेल्या पोथ्यांच्या संग्रहाला सरफोजींनी आजचे रूप दिले. काशीयात्रेहून, १८२० ते १८२२ च्या प्रवासातून, त्यांनी पोथ्या आणल्या. युरोपातून छापील पुस्तके मागवली आणि त्यांतल्या अनेकांवर इंग्रजीत स्वतःची सही केली. त्यांनी देवनागरी छापखानाही घातला आणि तिथे १८०६ मध्ये इसापच्या गोष्टींचे मराठी रूपांतर ‘बालबोध मुक्तावली’ छापले. संग्रहात तीन हजारांवर मराठी हस्तलिखिते आहेत, शिवाय मोडी कागदांची दप्तरे. कीड लागू नये म्हणून पोथ्या कापडात बांधून त्यांत वेखंड, मिरी, लवंग, दालचिनी आणि कापराची पुरचुंडी ठेवण्याची जुनी रीत इथली. गाठोडे सोडले की आधी येतो तो मसाल्याचा वास, मग जुन्या ताडपत्राचा.

१९१८ मध्ये वारसांनी हा संग्रह लोकांसाठी खुला केला आणि त्याचा कारभार मद्रास सरकारने हाती घेतला. सुरुवातीला एक छोटी समिती तो पाहत असे. १९८६ मध्ये तिच्या जागी नोंदणीकृत संस्था आली. तिच्यावर राज्याचा शिक्षणमंत्री, केंद्र आणि राज्याचे अधिकारी, काही विद्वान, आणि राजघराण्याचा एक प्रतिनिधी असतो. मंडळाच्या बैठकीत भोसल्यांचे एकच मत, मंत्र्याच्या हाताखाली. पण ज्यांचे पूर्वज सरकारला ग्रंथालय देऊन मोकळे झाले, त्यांना ते चालवण्याच्या टेबलापाशी अजून खुर्ची आहे, ही गोष्ट भारतात सर्वत्र आढळणारी नाही.

बाकी राजवाड्याचे सरकारीकरण केव्हाच झाले. नायकांच्या दरबारात १९५१ पासून कलादालन आहे. तिथे चोळकालीन ब्राँझच्या मूर्तींच्या मध्ये सरफोजींचा पांढऱ्या संगमरवरातला उभा पुतळा आहे, हात जोडलेला. घंटाघर आणि आठ मजली गोपुरासारखा ‘कूडगोपुरम’ पाहायला शाळेच्या सहली येतात. काही भाग घराण्याकडे आहे आणि त्यातले छोटे संग्रहालय घराणेच चालवते, पगडी, शस्त्रे, तसबिरी मांडून. एकाच आवारात दोन-तीन वेगळी तिकिटे काढावी लागतात, आणि कोणते कोणाचे, हे पहिल्यांदा येणाऱ्याला कळत नाही.

छत्रांचे मात्र वेगळे झाले. सरफोजींचे पुत्र शिवाजीराजे यांच्यानंतर ती सरकारकडे गेली, पुढे जिल्हा बोर्डाकडे, आणि आज त्यांच्या जमिनी आणि इमारतींचा कारभार कलेक्टर कचेरीतली छत्रम शाखा पाहते. त्यांच्या उत्पन्नावर शाळा आणि वसतिगृहे चालली. तिरुवैयारूचे ‘राजाज कॉलेज’ हे छत्राच्या पैशातूनच सुरू झाले. ओरत्तनाडूच्या मुक्तांबाळ छत्रात शाळा भरू लागली. ज्या छत्रांसाठी सरफोजींनी रेसिडेंटला ते लांबलचक पत्र लिहिले, त्यांच्या वसुलीच्या पावतीवर आज शिक्का पडतो तो तहसीलदाराचा.